टोरेंटची सावड

दिवाळी उरकली आणि आमच्या क्लासमधल्या बारा कॉम्प्युटरांचा प्रश्न समोर आला. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार बंद केला, आणि आमच्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही. नवी मशीनं घ्यायची म्हटलं तर दोन वर्षांची फी त्यातच जाते. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं. फुकट आहे, हलकं आहे. अडचण एकच, फाइल जवळजवळ ३ जीबीची.

यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासून बारा-चौदा किलोमीटर आत बसून ३ जीबी एका दमात उतरवून दाखवा. मोबाइलचा दिवसाचा पॅक २ जीबीचा, म्हणजे एका दिवसात फाइल मावतच नाही. त्यात लाइन. (आमच्याकडे वीज जात नाही, लाइन जाते.) पहिल्यांदा निम्म्यावर लाइन गेली. दुसऱ्यांदा डेटा संपला. तिसऱ्यांदा शहाणपण करून रात्री दहाला लावलं, म्हणजे बारापर्यंत आजचा पॅक आणि बारानंतर उद्याचा. पहाटे उठून पाहतो तर ९१ टक्क्यांवर ब्राउझरने ‘फेल्ड’ लिहून ठेवलेलं. ब्राउझर कधी अर्धवट फाइल पुढे ओढतो, कधी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ते समोरच्या सर्व्हरवर आणि आपल्या नशिबावर.

चौथ्यांदा टोरेंट लावलं. दोन रात्री लागल्या, मधे चार वेळा लाइन गेली, आणि तरी फाइल पूर्ण उतरली. ते पाहून बारावीतलं एक पोट्टं म्हणालं, “सर, टोरेंट म्हणजे चोरीचाच माल असते नं?”

त्याला दोष कसा देणार? आमच्याकडे हा शब्द सिनेमांच्या सोबतच आला. त्याआधी बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. वीस-तीस रुपयांत दोनशे गाणी, आणि ती कुणाची, हे विचारायची पद्धत नव्हती. टोरेंट त्याच रांगेत जाऊन बसलं. पण टोरेंट हा माल नाही, माल गावोगाव पोचवायची रीत आहे. ट्रॅक्टरमधून चोरीची रेतीही जाते आणि स्वतःच्या वावरातला कापूसही जातो. या रीतीला आपल्याकडे फार जुनं नाव आहे, सावड.

इर्जिक वेगळी, सावड वेगळी

शहरातल्या वाचकांसाठी थोडं थांबतो. इर्जिक म्हणजे एखाद्याचं काम मागे पडलं, घरात दुखणं आलं, की गावातले लोक आपापले बैल घेऊन त्याच्या वावरात उतरतात आणि दिवसभरात काम उरकून देतात. तो त्यांना जेवू घालतो. पुढे हिशेब नाही. सावडीत हिशेब असतो. आज तू माझ्या वावरात डवरा धर, परवा मी तुझ्या वावरात येतो. माझा एक बैल, तुझा एक बैल, मिळून जोडी. आमचे आबाजी हा हिशेब तोंडी ठेवायचे आणि कोण दोन वेळा येऊन गेला नि कोण एकदाही आला नाही, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे.

साधं डाउनलोड यातलं काहीच नाही, ते दुकान आहे. माल एका सर्व्हरवर, आणि गिऱ्हाइकं सगळी तिथेच. ३ जीबीची फाइल हजार लोकांनी मागितली तर त्या एका सर्व्हरला ३,००० जीबी वाहून द्यावे लागतात. गर्दी वाढली की प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटतो.

टोरेंटमध्ये फाइलचे हजारो तुकडे करतात आणि घेणाऱ्यालाच देणारा करून टाकतात. मला सतरावा तुकडा मिळाला की त्याच क्षणापासून तो मी दुसऱ्याला देऊ शकतो, पूर्ण फाइल यायची वाट पाहावी लागत नाही. मूळ मालकाने प्रत्येक तुकडा एकदा बाहेर सोडला तरी पुढे तो लोकांत आपापसात फिरत राहतो. म्हणून इथे गर्दी हे संकट नाही. नवी आवृत्ती निघाली की पहिल्या आठवड्यात, जेव्हा दुकानापुढे सगळ्यात लांब रांग असते, तेव्हाच टोरेंट सगळ्यात जोरात पळतं. दोन वर्षांनी सगळे उठून गेले की तेच रखडतं.

या मंडळींची नावं एकदा कानावर घालून ठेवतो. एका फाइलसाठी जमलेला सगळा गोतावळा म्हणजे स्वार्म. त्यातला प्रत्येक जण पिअर. ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे आणि जो फक्त देतो आहे तो सीडर, म्हणजे बियाणं राखणारा. ज्याचं अजून उतरतंय तो लीचर. लीच म्हणजे जळू. नाव वाईट आहे, पण सुरुवातीला आपण सगळे जळवाच असतो.

यादीवाला बुडाला तेव्हा

१९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर नावाची सोय निघाली. लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून गाणी घ्यायचे, पण कोणतं गाणं कुणाकडे आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर असायची. संगीत कंपन्या कोर्टात गेल्या आणि जुलै २००१मध्ये ते जाळं बंद पडलं. यादी एका जागी होती, ती जागा बंद केली की खेळ संपला. त्याच महिन्यात ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रॅमरने बिटटोरेंटची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. गाण्यांचा शोध हा त्याच्या कामाचा विषयच नव्हता. एक मोठी फाइल खूप लोकांपर्यंत स्वस्तात कशी पोचवायची, एवढंच त्याने सोडवलं, आणि ते इतकं नेमकं सोडवलं की मूळ रचना आजही चालते.

आता आतलं यंत्र.

तुम्ही आधी एक छोटी ‘टोरेंट फाइल’ घेता. तिच्यात सिनेमा नसतो, लिनक्सही नसतं. असते ती मालाची पावती: नाव काय, आकार किती, तुकडे किती, आणि प्रत्येक तुकड्याचा ठसा. ठसा म्हणजे त्या तुकड्यातल्या सगळ्या बाइटांवर गणित करून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा टेकवतो तसंच. अंगठा म्हणजे माणूस नव्हे, पण दुसऱ्याचा अंगठा मशीन घेत नाही. तुकड्यातला एक बाइट बदलला तरी ठसा पार वेगळा येतो.

हिशेब करून पाहा. ३ जीबीची फाइल, १ एमबीचे तुकडे, म्हणजे सुमारे ३,००० तुकडे. मूळ पद्धतीत प्रत्येक ठसा २० बाइटांचा. एकूण ६०,००० बाइट, म्हणजे साधारण ६० केबी. व्हॉट्सॲपवरच्या ‘शुभ सकाळ’च्या फोटोएवढी पावती, आणि तिच्या जोरावर तुम्ही पोलंडमधल्या अनोळखी माणसाकडून आलेला तुकडा तपासू शकता. ठसा जुळला नाही तर प्रोग्रॅम तो तुकडा फेकून देतो आणि दुसऱ्याकडून मागवतो. बाराच्या बारा मशीनवर मिंट नीट बसलं ते यामुळेच. आणि लाइन गेल्यावर नुकसान किती? ठसा जुळलेले तुकडे डिस्कवर पक्के असतात, हातातले चार-दोन जातात. ३ जीबीतले काही एमबी.

पण ठसा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट लक्षात घ्या. पावती बनवणाऱ्याने जे दिलं तेच तुम्हाला मिळालं, इतकंच तो सांगतो. पावती बनवणारा खरा की लबाड, हे ठशाला कळत नाही. बोगस बियाण्याच्या पाकिटाचंही वजन बरोबरच भरतं.

कोतवाल, आणि कोतवाल नसलेलं गाव

पावती हातात आली, पण माल कुणाकडे आहे? याला दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे ट्रॅकर. ट्रॅकर हा गावच्या कोतवालासारखा. त्याच्या घरी धान्य नसतं, पण कोण गावात आहे नि कोण बाहेर गेलंय, हे त्याला ठाऊक असतं. तुमचा प्रोग्रॅम त्याला विचारतो, तो काही पत्ते देतो आणि तुमचंही नाव लिहून घेतो.

कोतवालच गेला तर? तेव्हा डीएचटी, म्हणजे कोतवालाची यादी सगळ्यांत थोडी थोडी वाटून ठेवायची रीत. ही रीत २००२ साली मांडलेल्या कॅडेम्लिया नावाच्या रचनेवर उभी आहे. अनोळखी गावात तुम्ही कुणाचं घर शोधता तेव्हा काय करता? फाट्यावरचा पानठेलेवाला म्हणतो, “मले नाही मालूम, पण तिकडं माळीपुऱ्यात विचारा.” माळीपुऱ्यातला म्हणतो, “मारुतीच्या पाराजवळ विचारा.” प्रत्येकाला घर माहीत नसतं, पण तुमच्यापेक्षा जवळचा माणूस माहीत असतो. डीएचटीत प्रत्येक कॉम्प्युटरला १६० बिटांचा आकडा असतो. अख्ख्या पावतीचाही एक ठसा असतो, त्याची लांबीही तेवढीच. ज्यांचा आकडा त्या ठशाच्या ‘जवळ’ पडतो, त्यांनी त्या फाइलचे पत्ते सांभाळायचे. विचारत गेलं की दर टप्प्याला अंतर निदान निम्मं होतं, म्हणून दहा लाखांच्या गर्दीतही वीसेक विचारपुशीत पत्ता लागतो. मॅग्नेट लिंक, म्हणजे टोरेंट फाइलऐवजी मिळणारी नुसती एक ओळ, चालते ती मुख्यतः यावरच. तिच्यात पावतीसुद्धा नसते, मुख्य म्हणजे पावतीचा चाळीस अक्षरांचा ठसा. बाकी पावती पिअरकडूनच येते. म्हणून मॅग्नेट लावल्यावर सुरुवातीचा मिनिटभर काहीच हलत नाही. घाबरून बंद करू नका.

आता खरी सावड. तुमच्याकडून मागणारे पन्नास, तुमची अपलोडची दोरी बारीक. कुणाला द्यायचं? मूळ रचनेत साधारण चार जणांना दिलं जातं. जे तुम्हाला सगळ्यात वेगाने देत आहेत ते आधी. दर १० सेकंदांनी ही निवड पुन्हा होते. जो देत नाही त्याला मागे ठेवलं जातं. आबाजींचा हिशेब, फक्त दर दहा सेकंदांनी नव्याने होणारा.

यात एक गोम आहे. नव्या माणसाकडे द्यायला काहीच नसतं, मग त्याला पहिला तुकडा कोण देणार? म्हणून दर ३० सेकंदांनी एका कुणालातरी, काही दिलेलं नसतानाही, देऊन पाहायचं. हिशेबाच्या वहीत इर्जिकीसाठी मोकळं ठेवलेलं एक पान. मला या सगळ्या यंत्रात हाच नियम सगळ्यात आवडतो, कारण तो नसता तर सावड सुरूच झाली नसती.

दुसरा नियम: जो तुकडा सगळ्यात कमी लोकांकडे आहे, तो आधी घ्यायचा. गावात देशी ज्वारीचं वाण एकाच म्हाताऱ्याकडे उरलं असेल तर आधी त्याच्याकडे जायचं. कृषी केंद्रातलं हायब्रीड उद्याही मिळेल. म्हणून टोरेंटचे तुकडे वेडेवाकडे येतात, कधी चारशेवा, कधी नववा. ‘ओळीने उतरव’ असाही पर्याय प्रोग्रॅममध्ये असतो. तो लावला तर दुर्मिळ तुकड्याचा नियम मोडतो आणि सगळ्यांचंच नुकसान होतं. गरज नसेल तर हात लावू नका.

हाताशी काय लागेल

कॉम्प्युटरवर क्यूबिटटोरेंट किंवा ट्रान्समिशन घ्या. दोन्ही फुकट, जाहिरातीशिवाय आणि खुल्या कोडचे. अँड्रॉइडवर लिब्रेटोरेंट. उतरवायचं ते त्यांच्या स्वतःच्या साइटवरून किंवा अधिकृत ॲप स्टोअरमधून, कुणी ग्रुपवर टाकलेल्या एपीकेवरून (ॲपच्या फाइलीवरून) नाही. पहिला सराव लिनक्स मिंट, उबुंटू, डेबियन किंवा लिबरऑफिस यांच्यापैकी कशावर तरी करा. हे सगळे आपल्या साइटवर स्वतः टोरेंट देतात.

सुरू करायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन अपलोडला लगाम घाला. नवखे इथेच फसतात. एक तर दिलेला डेटाही तुमच्याच पॅकमधून जातो. ३ जीबी घेतले नि ३ जीबी दिले तर पॅकमधून ६ गेले. दुसरं, अपलोडची दोरी पूर्ण ताणली की डाउनलोडही मंदावतं, कारण ‘मिळालं, पुढचं पाठवा’ ही पोच त्याच दोरीने जाते. दोरीच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर थांबा. मोबाइलवर ‘फक्त वाय-फायवर’ हा पर्याय असतो, तो लावून ठेवा.

वेगाचा आकडा पाहून हिरमुसू नका. कंपनी मेगाबिट सांगते, प्रोग्रॅम मेगाबाइट दाखवतो, मधे आठाचा भागाकार. आमच्या टॉवरला दुपारी २ एमबीपीएस मिळतात, म्हणजे सेकंदाला पाव एमबी. त्या वेगाने ३ जीबीला सव्वातीन तासांच्या वर लागतात, तेही लाइन टिकली तर.

पडद्यावर ‘सीड्स’खाली ५ आणि त्यापुढे कंसात २३ दिसेल. पाच जणांशी जोडणी झाली, स्वार्ममध्ये एकूण तेवीस आहेत, असा त्याचा अर्थ. आणि ‘अव्हेलेबिलिटी’ नावाचा आकडा शोधून काढा, तो बहुतेक जण पाहतच नाहीत. तो १च्या वर असेल तर जोडलेल्यांकडे मिळून निदान एक पूर्ण फाइल आहे. ०.९८ दाखवत असेल तर उरलेले दोन टक्के समोर कुणाकडेच नाहीत. रात्रभर ९८ टक्क्यांवर अडकलेल्या फाइलीचं गूढ एवढंच. कुणी सीडर येईपर्यंत काही होणार नाही, कितीही वेळा बंद-चालू करा.

मोबाइल डेटावर आणखी एक त्रास. मोबाइल कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे हजारो गिऱ्हाइकं बसवते. एकाच सातबाऱ्यावर बावीस नावं असावीत तसं. तुम्ही बाहेर जाऊन कुणाला भेटू शकता, पण बाहेरून तुम्हाला शोधत आलेल्याला तुमचा उंबरठा सापडत नाही. डाउनलोड तरी होतं, फक्त भेटणारे कमी मिळतात. फोनला आयपीव्ही६चा (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) पत्ता मिळत असेल तर यातली बरीच अडचण सुटते.

आता खास आपल्या भागासाठीची युक्ती. समजा पुतण्या नागपूरच्या होस्टेलात आहे, तिथे वाय-फाय बरं आहे. त्याने तीच टोरेंट लावली, ७० टक्के उतरली आणि तो सुटीत गावी आला. त्याच्या पेनड्राइव्हवरची ती अर्धवट फाइल तुमच्या मशीनवर घ्या, तीच टोरेंट लावा, जागा तीच दाखवा आणि ‘फोर्स रीचेक’ दाबा. प्रोग्रॅम एकेका तुकड्याचा ठसा तपासतो, आहेत ते मान्य करतो आणि उरलेले तेवढेच मागवतो. सत्तर टक्के एसटीने आलं, तीस टक्के टॉवरवरून. फक्त पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा असेल तर त्यावर ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही, एवढं बघा. एकाच खोलीत पाच-सात मशीन असतील तर ‘लोकल पिअर डिस्कव्हरी’ चालू ठेवा. मशीनं एकमेकांना ओळखतात आणि बाहेरून एकदा आलेला तुकडा आतल्या आत वाटतात. अर्थात एक मिंट बारा मशीनवर टाकायचं असेल तर एक पेनड्राइव्ह पुरतो, त्यासाठी बारा टोरेंट लावायचा थाट नको.

पोट्ट्याच्या प्रश्नाचं उत्तर

टोरेंट वापरणं भारतात गुन्हा नाही. दुसऱ्याच्या हक्काची वस्तू परवानगीशिवाय घेणं-वाटणं हा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. इथे सावडच अंगावर येते. दुकानातून गुपचूप घेणारा फक्त घेतो, टोरेंटवाला घेताघेताच वाटतही असतो. “मी फक्त पाहायला घेतलं” हे इथे खरं ठरत नाही. शिवाय स्वार्ममधल्या प्रत्येकाला तुमचा आयपी पत्ता उघड दिसतो, तसाच तो पाहणी करणाऱ्यालाही दिसतो.

चोरीच्या मालाबरोबर काय येतं, ते क्लास चालवणाऱ्याला विचारा. ‘फुकट ऑफिस’ म्हणून आणलेल्या ईएक्सई फाइलीने (उघडली की प्रोग्रॅम सुरू होतो अशी फाइल) आमच्याकडच्या एका मशीनचे सगळे फोल्डर शॉर्टकट करून टाकले होते. सिनेमा म्हणून उतरवलेलं काही ईएक्सई किंवा एपीके निघालं तर ते उघडायचंच नाही.

हक्काचं, फुकट आणि मोठं असं भरपूर आहे. इंटरनेट आर्काइव्हने २०१२पासून आपल्या संग्रहाला टोरेंट जोडून दिलं आहे. जुनी पुस्तकं, जुनी ध्वनिमुद्रणं तिथे मिळतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं, तेवढं वर्ष पाहून घ्यावं. कीविक्स अख्खा विकिपीडिया ऑफलाइन वाचायला देतं, तोही टोरेंटने. एकदा उतरवला की नेटशिवाय चालतो. पावसाळ्यात टॉवर तीन दिवस बंद होता तेव्हा आमच्या पोरांनी प्रकल्पाच्या वह्या त्यावरच भरल्या.

दोन महिन्यांपूर्वी तालुक्याच्या केबलवाल्याने गावात फायबर आणली. तेव्हापासून क्लासमधलं सगळ्यात जुनं मशीन मी मिंटसाठी सीडर म्हणून रात्री चालू ठेवतो. ‘रेशो’च्या रकान्यात परवा ४.२ होतं, म्हणजे घेतलं त्याच्या चौपटीहून जास्त देऊन झालं. तेच बारावीतलं पोट्टं पिअरच्या यादीतले झेंडे बघत होतं.

“सर, हा ब्राझीलवाला कोण हाय?”

“मले काय माहीत.”

“काऊन घेऊन राहिला मग आपल्याकडून?”

“त्याच्याकडं दोन हजार एकशे चौदावा तुकडा नाही,” मी म्हणालो, आणि लाइन गेली.